उलटी म्हणजे केमो लागू पडल्याची खूण नव्हे

इंदुरात एखाद्या घरी कॅन्सरवरची केमो सुरू झाली की भेटायला येणाऱ्यांपैकी कुणीतरी हमखास सांगतं, "होऊ द्या उलटी, ज़हर निकल रहा है." रामबागेतल्या जुन्या मराठी घरांतही हेच ऐकू येतं. मग औषधाचं काम अडेल या भीतीने पेशंट मळमळीची गोळी टाळतो. हा समज साफ चुकीचा आहे. सलाइनमधून दिलेलं औषध थेट रक्तात जातं, ते पोटात नसतंच. मग ओकून बाहेर काय पडणार? तरुण बायकांना, गाडी लागणाऱ्यांना, गरोदरपणी फार उलट्या झालेल्यांना केमोचा हा त्रास जास्त होतो. गाठ किती विरघळली याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

मग उलटी का होते? लहान आतड्याच्या अस्तरात एन्टेरोक्रोमाफिन नावाच्या पेशी विखुरलेल्या असतात. सेरोटोनिन म्हटलं की मेंदू आठवतो, पण शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात, मुख्यतः या पेशींत असतं. खाल्ल्यातून विष आलं की त्या ते बाहेर सोडतात. शेजारीच पोटातून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूची टोकं असतात आणि त्यांवर ५-एचटी३ नावाचे ग्राही, म्हणजे संदेश टिपणाऱ्या जागा. सेरोटोनिन त्यांना चिकटलं की संदेश मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेत पोचतो. तिथे एरिया पोस्ट्रेमा हा चिमुकला भाग आहे. रक्त आणि मेंदू यांच्यातला नेहमीचा अडसर त्याला नाही, त्यामुळे तो रक्तातलं विष स्वतःही ओळखतो. दोन्हीकडचे संदेश जुळले की तोंडाला पाणी सुटतं, पोटाचे स्नायू आणि श्वासपटल आवळतात. सिसप्लॅटिनसारखं केमोचं औषध याच पेशींना इजा करतं, त्या सेरोटोनिन सोडतात आणि शरीर समजतं, विष खाल्लं. लाखो वर्षांची ही चोख व्यवस्था, पण इथे ती नाहक कामाला लागते.

१९९१ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं ऑन्डान्सेट्रॉन हे मळमळीवरचं औषध बसमध्ये रुमाल टाकून जागा धरावी तसं त्या ग्राहीवर आधीच जाऊन बसतं. म्हणून ते केमोच्या आधी द्यायचं असतं. आतड्याची हालचालही सेरोटोनिनवर चालते, त्यामुळे या गोळीने पोट साफ होत नाही. तेही डॉक्टरांना सांगावं.

दुसऱ्या दिवसापासून मात्र गणित बदलतं. सेरोटोनिनचा जोर ओसरतो आणि मेंदूतला सब्स्टन्स पी हा रेणू एनके१ ग्राहींमार्फत मळमळ चालू ठेवतो. त्यासाठी अ‍ॅप्रेपिटंट आणि डेक्सामेथासोन असतं. पहिला दिवस बरा गेला म्हणून या गोळ्या डब्यातच राहतात आणि तिसऱ्या दिवशी पेशंट मोरीपाशी बसलेला असतो. चिठ्ठीवर ओलान्झापिन दिसलं की घरचे दचकतात, कारण ते मानसिक आजारांतही देतात. इथे ते मळमळीसाठीच असतं. मुंबईच्या टाटा मेमोरियल या कॅन्सर हॉस्पिटलच्या २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १० मिलिग्रॅमऐवजी २.५ मिलिग्रॅमही तितकंच उपयोगी ठरलं आणि दिवसा येणारी गुंगी कमी झाली.

काहींना पुढच्या खेपेला हॉस्पिटलच्या फाटकाशीच, स्पिरिटच्या वासानेच मळमळतं. हा मनाचा दुबळेपणा नव्हे. घंटा ऐकून पाव्हलॉव्हच्या कुत्र्याला लाळ सुटायची, त्याच जातीची ही शिकवण आहे. एकदा बसली की गोळ्यांना फारशी दाद देत नाही. म्हणून पहिल्याच केमोला उलटी होऊ न देणं फार महत्त्वाचं.

घरात वासाकडे लक्ष द्यावं. गरम पदार्थातून वासाचे रेणू जास्त उडतात, त्यामुळे एरवी आवडीचे वाफाळते पोहे आणि त्यावरचा जिरावण मसाला नकोसा होतो. गार दहीभात, थोडा थोडा, दर दोन-तीन तासांनी, बरा जातो. फोडणी द्यायची तर पेशंट दुसऱ्या खोलीत असताना, खिडकी उघडून.

पाण्याचा घोटही टिकत नसेल किंवा ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करावा. केमोनंतर रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी साधारण ७ ते १४ दिवसांत सर्वात खाली उतरतात आणि तेव्हाचा ताप घरी काढायचा नसतो.