पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये

पेटीवर पांढरी दोन आणि काळी दोन या शेजारशेजारच्या पट्ट्यांच्या मध्ये काही नसतं. तरीही जॅझमधली सर्वांत गाजलेली रेकॉर्ड 33 वर्षं नेमकी त्या फटीत वाजत होती.

रेकॉर्ड माइल्स डेव्हिस या ट्रम्पेटवादकाची, नाव ‘काइंड ऑफ ब्लू’. तिचं ध्वनिमुद्रण न्यूयॉर्कमध्ये, कोलंबिया कंपनीच्या 30व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत 1959च्या 2 मार्च आणि 22 एप्रिलला, अशा दोनच बैठकांत उरकलं. ही इमारत मुळात चर्चची. उंचच उंच छतामुळे सूर थांबला तरी त्याची आस हवेत थोडी रेंगाळायची. पियानोवर बिल एव्हन्स, सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन आणि कॅननबॉल अॅडरली, अशी मंडळी जमलेली.

पहिली रचना ‘सो व्हॉट’. आपल्या कानांना ती फारशी परकी वाटू नये, कारण तिचा स्वरसमूह म्हणजे सरळ काफी थाट: गंधार आणि निषाद कोमल. षड्ज पांढरी दोन. सोळा आवर्तनं (जॅझवाले त्यांना बार म्हणतात) हा षड्ज राहतो, मग आठ बार अख्खा काफी उचलून काळी दोनवर जातो आणि पुन्हा खाली येतो. मैफलीत मध्येच कुणी तानपुरा अर्ध्या स्वराने चढवला तर काय होईल, तसं. (आपल्याकडे असं केलं तर श्रोते उठून जातील, तिथे त्याचीच गंमत आहे.)

गडबड झाली ती वादकांकडून नव्हे, यंत्राकडून.

टेपवर आवाज चुंबकीय पट्ट्यांच्या रूपात उमटतो. टेप सेकंदाला 15 इंच, म्हणजे सुमारे 38 सेंटिमीटर सरकते. पांढरी सहाचा सूर सेकंदाला 440 वेळा कंप पावतो, म्हणजे त्याचं एकेक कंपन टेपवर जेमतेम 0.87 मिलिमीटर जागा घेतं. आता समजा मुद्रण करताना मोटर एक टक्का मंद चालली. तेवढ्याच वेळात टेप कमी सरकली, पट्ट्या दाटीने बसल्या. हीच टेप योग्य वेगाच्या यंत्रावर लावली की त्या दाट पट्ट्या भराभर पुढे जातात आणि 440चे 444 होतात. पेटीवरची पुढची पट्टी 466वर असते, म्हणजे सूर मधल्या अंतराचा सहावा हिस्सा चढला. एक टक्का हा आकडा मी हिशेबाला सोपा म्हणून घेतला आहे. पण 2 मार्चला मुख्य यंत्रात झालं ते हेच. त्या दिवशीच्या तिन्ही रचना, म्हणजे रेकॉर्डची पहिली बाजू, मुळापेक्षा किंचित चढ्या आणि किंचित जलद छापल्या गेल्या.

सेल उतरलेल्या टेपरेकॉर्डरवर गाणं घोगरं आणि रडवेलं होतं, ते ज्यांनी ऐकलंय त्यांना हे पटकन उमगेल. तिथे वाजवताना वेग घसरतो म्हणून सूर उतरतो. इथे मुद्रण करताना घसरला म्हणून वाजवताना चढला.

मग कुणाला कळलं कसं नाही? कारण चुकणारं यंत्र स्वतःची चूक स्वतःच झाकतं. त्याच मंद यंत्रावर टेप लावली की दाट पट्ट्या मंदच सरकतात आणि सूर जागेवर येतो. चूक उघडी पडते ती टेप दुसऱ्या यंत्रावर गेली की. आणि तेव्हाही नुसतं ऐकणाऱ्याला शंका येत नाही, कारण पियानो, बास, ट्रम्पेट सगळेच एका मापाने चढलेले असतात, आपसात सुरेल. माणसाच्या कानाला दोन स्वरांमधलं नातं पक्कं कळतं. एकट्या स्वराची उंची मात्र फार थोड्यांना नेमकी ओळखता येते. अडायचं ते रेकॉर्ड लावून तिच्यासोबत वाजवायला बसणाऱ्याचं. ट्रम्पेटवाला नळी जराशी सरकवून जुळवून घेईल, पण पियानोवाल्याने काय करावं? पांढरी दोन दाबली तर उतरती, काळी दोन दाबली तर फारच चढी. दुसऱ्या बाजूच्या रचना एप्रिलच्या, त्या बिनचूक होत्या. म्हणजे रेकॉर्ड उलटली की त्याच पियानोचे सूर बरोबर!

सुदैवाने त्या दिवशी स्टुडिओत दोन यंत्रं सोबत चालू होती. मुख्य टेपला काही झालं तर हाताशी असावी म्हणून दुसरीवरही तेच मुद्रण होत होतं, आणि ते यंत्र योग्य वेगाने चाललं होतं. 1992च्या आवृत्तीसाठी ही राखीव टेप वापरली गेली. दुरुस्त ‘सो व्हॉट’ काही सेकंदांनी लांबला, ट्रम्पेटचा आवाज किंचित जाड झाला, आणि आता पेटीवर पांढरी दोन धरून बसलं की षड्ज जुळतो.