वनराज भाटिया : जिंगल्सच्या मागे राहिलेला ऑपेरा

दूरदर्शनवर 1988 मध्ये 'भारत एक खोज' सुरू व्हायचं, तेव्हा ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताचे शब्द वृंदस्वरांच्या थरांवर थर चढत यायचे. अंगावर काटा यायचा. ती चाल मालिकेचं शीर्षकगीत म्हणून लक्षात राहिली. पण मला ती ऑपेरा रचू पाहणाऱ्या माणसाची, संगीतकार वनराज भाटियांची, खूण वाटते.

वनराज भाटिया 1927 मध्ये मुंबईत एका कच्छी कुटुंबात जन्मले. देवधरांच्या संगीत विद्यालयात ते हिंदुस्थानी गाणं शिकत होते. ऐन पौगंडावस्थेत रशियन संगीतकार चायकोव्हस्कीचा पियानो कॉन्चेर्तो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना, कानावर पडला आणि ओढ तिकडे लागली. मग डॉ. माणेक भगत यांच्याकडे चार वर्षं पियानो, लंडनच्या रॉयल अकॅडमीत रचनेचं शिक्षण, आणि 1954 ते 1959 पॅरिसमध्ये नामवंत संगीतशिक्षिका नादिया बुलांजे यांची तालीम. परतल्यावर दिल्ली विद्यापीठात 1965 पर्यंत पाश्चात्त्य संगीत शिकवलं.

पण इथं त्या संगीताला पोट भरण्याइतका श्रोता नव्हता. ते मुंबईत जिंगल्स, म्हणजे जाहिरातींची छोटी गाणी, करू लागले. 7000 च्या वर केल्या. 'अंकुर'पासून (1974) श्याम बेनेगलांचे चित्रपट आले, गोविंद निहलानींच्या 'तमस'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मनात मात्र ऑपेरा होता. आपल्या संगीत नाटकात गद्य संवादांच्या अधेमधे पदं येतात. ऑपेरात बहुधा संवादही गाऊनच होतात, सोबत अख्खा वाद्यवृंद. त्यासाठी त्यांनी गिरीश कर्नाडांचं 'अग्नी आणि पाऊस' हे नाटक निवडलं. महाभारतातल्या यवक्रीताची कथा, दहा वर्षांचा दुष्काळ, पावसासाठी सात वर्षं चाललेला यज्ञ. वृंदगायनाला याहून चांगला विषय कुठला मिळणार! 'अग्निवर्षा' नावाच्या या ऑपेराचे काही भाग 2012 मध्ये सादर झाले, तेही न्यूयॉर्कमध्ये. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली.

ऑपेराचे फक्त काही भाग, तेही परदेशात सादर झाले, याची मला मनापासून खंत वाटते. ज्या शहरात ते जन्मले, तिथलं रॉयल ऑपेरा हाउस 1993 पासून बंद होतं. दुरुस्त होऊन ते 2016 च्या ऑक्टोबरमध्ये उघडलं, तेव्हा भाटिया 89 वर्षांचे होते. 7 मे 2021 रोजी ते मुंबईतच गेले.