एडिंबराला निघण्याआधी हे एकदा वाचून घ्या

नमस्कार मंडळी,

स्कॉटलंडची टूर आमच्याकडे बुक केलीत, मनापासून आभार. आमची कंपनी छोटी आहे, ग्रुपही छोटाच ठेवतो, त्यामुळे प्रत्येकाशी फोनवर बोलणं होतंच, पण फोनवर सांगितलेलं निम्मं विसरायला होतं म्हणून हे पत्रक. घरातल्या सगळ्यांनी वाचा, विशेषतः ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी.

आधी नाव. स्पेलिंग बघून आपण एडिनबर्ग म्हणतो, तिथले लोक एडिंबरा म्हणतात, तुम्हीही तसंच म्हणा.

आता दरवेळी येणारा प्रश्न, की एवढ्याशा शहराला तीन रात्री कशाला, लंडनहून सकाळी जाऊन रात्री परत नाही का येता येणार? येता येतं, पण किंग्ज क्रॉसहून ट्रेनला एका बाजूचेच साधारण साडेचार तास जातात, म्हणजे दिवस ट्रेनमध्ये आणि शहर धावत. आम्ही ते करत नाही. (ट्रेनने जाताना उजवीकडची खिडकी मागून घ्या, न्यूकॅसलच्या पुढे समुद्र त्या बाजूला आहे.)

हे शहर उभं आहे

तीन रात्रींचं खरं कारण हे. एडिंबराचा किल्ला ज्या कातळावर आहे तो म्हणजे साधारण ३५ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या नळीत थिजलेला बेसाल्ट, आपल्या सह्याद्रीच्या कातळाचाच जातभाई म्हणा, फक्त वयाने कितीतरी मोठा. हिमयुगात पश्चिमेकडून बर्फ सरकत आला, त्याला हा कातळ काही फुटेना, म्हणून बर्फ दोन्ही बाजूंनी खरवडत गेला आणि कातळाच्या आडोशाला पूर्वेकडे मऊ दगडाची एक लांब उतरती सोंड शिल्लक राहिली. त्या सोंडेवरचा रस्ता म्हणजे रॉयल माईल. वर किल्ला, खाली होलीरूड राजवाडा, मध्ये पावणेदोन किलोमीटरच्या थोडं वर अंतर. म्हणून आम्ही ग्रुपला नेहमी वरून खाली चालवतो, उलटं कधीच नाही.

या सोंडेच्या दोन्ही बाजूंना उतार आहे आणि तिथे खाली जाणारे बोळ, त्यांना क्लोज म्हणतात. काही इतके अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरायचं, आणि पुष्कळ ठिकाणी नुसत्या पायऱ्या. फोनवरच्या नकाशावर पूर्ण विश्वास टाकू नका, कारण नकाशात जॉर्ज फोर्थ ब्रिज आणि काउगेट एकमेकांना छेदताना दिसतात, तुम्ही वळायला म्हणून तिथे जाता आणि कठड्यावरून खाली बघितल्यावर कळतं की काउगेट पुलाखालून चाललाय. "हॉटेल दोनशे मीटर" असं लिहिलं असलं तरी त्यात शंभर पायऱ्या असू शकतात.

म्हणूनच बॅग. जुन्या भागात रस्त्यांना दगडी फरसबंदी आहे, गुळगुळीत नाही, गोटे वर आलेले. मागे एका ग्रुपमधल्या काकूंच्या मोठ्या बॅगेचं चाक पहिल्याच संध्याकाळी तुटलं आणि उरलेले आठ दिवस काकांनी ती उचलून नेली. तेव्हापासून आमचं सांगणं एकच, माणशी एक मध्यम बॅग, आणि बूट वापरलेले आणा, नवे कोरे नकोत.

किल्ल्यावर

तिकीट वेळेचं असतं, ते आम्ही आधीच काढतो, पॅकेजमध्ये आहे. आत बाराव्या शतकातलं सेंट मार्गारेट चॅपल आहे, शहरातली सगळ्यात जुनी वास्तू, एखाद्या छोट्या देवळाच्या गाभाऱ्याएवढी. मॉन्स मेग नावाची अवाढव्य तोफ आहे, १४५७ मध्ये राजा दुसरा जेम्स याला भेट आलेली. स्कॉटलंडचा मुकुट आणि राजदंडही इथेच. राज्याभिषेकाचा तो प्रसिद्ध दगड, स्टोन ऑफ डेस्टिनी, मात्र २०२४ मध्ये पर्थच्या म्युझियममध्ये गेला, तेव्हा त्याच्यासाठी येत असाल तर तसं आधीच सांगा.

दुपारी बरोबर एकला तोफ उडते, रविवार, गुड फ्रायडे आणि नाताळ सोडून रोज. हे १८६१ पासून चालू आहे. त्याआधी, १८५२ पासून, समोरच्या कॅल्टन हिलवरच्या मनोऱ्यावरून एक मोठा गोळा खाली सोडत, म्हणजे बंदरातल्या जहाजांना घड्याळं लावता यायची, पण धुकं आलं की गोळा दिसणार कसा, म्हणून आवाजाची सोय केली. लहान मुलं बरोबर असतील तर आधी सांगून ठेवा, दचकतात.

आणि आता एक गोष्ट जी बहुतेक टूरवाले दाखवतच नाहीत. किल्ल्याच्या दाराबाहेर जे मोकळं पटांगण आहे तिथे ७८ व्या हायलँडर्स पलटणीचा उंच दगडी क्रॉस आहे, १८५७-५८ मध्ये हिंदुस्थानात मेलेल्या त्यांच्या लोकांसाठी उभारलेला. जवळ जाऊन नीट बघा, त्यावर एक हत्ती कोरलाय. स्कॉटलंडात हत्ती कुठून आला? तो आला जालना जिल्ह्यातल्या असईहून. २३ सप्टेंबर १८०३ ला असईला शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजांची इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीशी लढाई झाली, ही पलटण त्यात होती आणि तिच्या कामगिरीबद्दल तिला हत्तीचं चिन्ह मिळालं. आम्ही प्रत्येक ग्रुपला तिथे थांबवतोच. आपल्या मातीवर आपली किती माणसं पडली त्याची खूण एवढ्या लांब, परक्याच्या स्मारकावर बघताना आतून हलायला होतं. उन्हाळ्यात टॅटू नावाच्या लष्करी बँड-कवायतीच्या शोसाठी पटांगणात स्टँड उभारतात, तेव्हा थोडं शोधावं लागू शकतं.

किल्ल्याखाली

किल्ला आणि प्रिन्सेस स्ट्रीटच्या मधली बाग म्हणजे पूर्वीचं नॉर लॉक तळं, घाण झालेलं, नंतर उपसून टाकलं. पलीकडे सरळ रेषांचं न्यू टाऊन, १७६७ चा जेम्स क्रेगचा आराखडा. जुना आणि नवा, दोन्ही भाग मिळून १९९५ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. वेव्हर्ली स्टेशनच्या वरच्या बाल्मोरल हॉटेलचं घड्याळ तीन मिनिटं पुढे असतं, लोकांची गाडी चुकू नये म्हणून, फक्त ३१ डिसेंबरला बरोबर करतात.

आर्थर्स सीट ही टेकडी २५१ मीटर उंच आहे, गडांवर जाणाऱ्यांना काहीच नाही, पण वर वारा फार. ज्यांना जमणार नाही त्यांना आम्ही कॅल्टन हिलला नेतो, थोडाच चढ आणि शहर सगळं दिसतं, बसायला जागा आहे. नॅशनल म्युझियम फुकट आहे, तिथे डॉली मेंढी आहे, तीच ती, १९९६ ची क्लोन केलेली. मालकाच्या कबरीजवळ वर्षानुवर्षं बसून राहिला म्हणतात त्या ग्रेफ्रायर्सच्या बॉबी कुत्र्याचा १८७३ चा पुतळा जवळच आहे. नशीब उघडतं म्हणून लोक त्याचं नाक घासतात, कृपा करून तुम्ही नका, त्याने पुतळा झिजतोय.

खाणं, पैसे, पाऊस

शाकाहारी मंडळींनी चिप्स घेताना जरूर विचारा की कशात तळलेत, बऱ्याच दुकानांत गाईची चरबी वापरतात, नाहीतर माशाबरोबर एकाच तेलात तळतात. हॅगिस म्हणजे मेंढीचं काळीज, यकृत, फुप्फुस आणि ओट्स, पण व्हेज हॅगिस जागोजागी मिळतं आणि चांगलं लागतं. घरून चिवडा, चकली, थालीपीठ भाजणी आणा, पण पेढे, बर्फी, तूप नको, दुधाचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये न्यायला बंदी आहे. नळाचं पाणी बिनधास्त प्या.

स्कॉटिश बँका स्वतःच्या नोटा छापतात. त्या पौंडच आहेत, पण लंडनला काही दुकानदार घ्यायला कुरकुर करतात, म्हणून निघायच्या आधी तिथेच खर्च करून टाका. बसमध्ये चढताना कार्ड टॅप करा, प्रत्येकाचं वेगळं, ड्रायव्हर सुट्टे देत नाही. २४ जुलै २०२६ पासूनच्या मुक्कामाला खोलीभाड्यावर ५ टक्के शहरकर आहे, पहिल्या ५ रात्रींपुरता, तो आम्ही पॅकेजमध्ये धरलाय, हॉटेलात वेगळा देऊ नका.

पाऊस वर्षाला साधारण पुण्याएवढाच, पण बारा महिन्यांत वाटून पडतो, आणि वारा असा की छत्री उलटी होते. टोपीचं विंडचीटर आणा. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, डिसेंबरमध्ये दुपारी पावणेचारला सूर्य मावळतो. ऑगस्टमध्ये नाटक-संगीताचा फेस्टिव्हल असतो, १९४७ पासूनचा, मजा खूप पण गर्दी आणि हॉटेलचे दर दोन्ही अंगावर येतात, म्हणून आम्ही मे, जून किंवा सप्टेंबर सुचवतो.

व्हिसा

युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा शेंगेन व्हिसा इथे चालत नाही, ब्रिटनचा वेगळा लागतो. अर्ज प्रवासाच्या ३ महिने आधीपासून करता येतो, बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. बँक स्टेटमेंट अर्जाआधी आम्हाला दाखवा.

निघायच्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी ऑफिसात सगळे भेटू. येताना वापरायचे बूट घालून या, चौकोनी तीन पिनांचा ॲडॅप्टर आणलाय का ते बघू, आणि कोणाला जिने झेपत नसतील तर तेव्हाच सांगा, त्यांच्यासाठी बसने वर जायचा रस्ता आम्ही वेगळा काढून ठेवतो.