ड्रोनची नोंदणी आणि ड्रोन उडवणाऱ्याचे प्रमाणपत्र

वाहिनीने ड्रोन विकत घेतला, त्याची रीतसर नोंदणी केली आणि तो कॅमेरामनच्या हाती दिला, की कायद्याची बाजू पूर्ण झाली, असा समज वृत्तकक्षात सहज होतो. 'ड्रोन नियम, २०२१' मध्ये मात्र यंत्राची नोंदणी आणि रिमोट पायलट प्रमाणपत्र या स्वतंत्र गोष्टी आहेत; गाडीचे आरसी बुक आणि चालकाचे लायसन्स यांत असतो तसाच हा फरक.

नोंदणीने ड्रोनला स्वतःचा ओळख क्रमांक मिळतो. ड्रोन विकला, तर तो क्रमांक नव्या मालकाच्या नावे करून घ्यावा लागतो. याउलट प्रमाणपत्र माणसाला मिळते: त्यासाठी वय १८ ते ६५ असावे लागते, दहावी उत्तीर्ण असावे लागते आणि मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घेऊन चाचणी द्यावी लागते; हे प्रमाणपत्र १० वर्षे चालते. वाहिनीला ड्रोनची मालक होता येते, वैमानिक होता येत नाही. त्यामुळे वाहिनीने खर्च करून तयार केलेला कॅमेरामन दुसऱ्या वाहिनीत गेला, की प्रमाणपत्र त्याच्यासोबत जाते आणि नोंदणीकृत ड्रोन कपाटात पडून राहतो.

गोंधळ वाढतो तो सवलतींमुळे. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनसाठी प्रमाणपत्र लागत नाही. पण हे वजन त्यावर चढवलेल्या सामानासह मोजले जाते, त्यामुळे काठावरच्या ड्रोनला जड बॅटरी लावली तरी तो वरच्या वर्गात जातो. २५० ग्रॅम ते २ किलोच्या मायक्रो ड्रोनला ही सूट केवळ अव्यावसायिक वापरापुरती आहे आणि वाहिनीचे वार्तांकन अव्यावसायिक म्हणून खपवणे, निदान मला, अवघड वाटते. तालुक्याचा वार्ताहर लग्नाचे शूटिंग करणाऱ्याकडून पुराची दृश्ये घेतो, तेव्हाही काम पैशाचेच असते. अशा वेळी ड्रोन कोणता, एवढे विचारून भागत नाही, उडवणाऱ्याचे प्रमाणपत्रही पाहावे लागते.

उड्डाणाच्या जागेची परवानगी यांपैकी एकाही कागदाने मिळत नाही. दंगल किंवा मोठा मोर्चा असेल, तर पोलीस अधीक्षक किंवा त्यांच्या वरच्या दर्जाचा अधिकारी एखादे क्षेत्र एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरते लाल क्षेत्र (म्हणजे ड्रोन उडवायला मनाई असलेला भाग) घोषित करू शकतो, आणि नेमक्या त्याच तासांत वृत्तकक्षाला वरून दृश्ये हवी असतात.