पंचायतीची मुदत नेमकी कधी संपते? तारीख कशी काढायची, दाद कुठे मागायची

मुदतीचा वाद सुरू झाला की लोक आधी वकील गाठतात. खरं तर आधी एक तारीख हाती लागायला हवी: पहिल्या सभेची.

राज्यघटनेच्या कलम २४३-ई प्रमाणे पंचायतीची मुदत पहिल्या सभेच्या तारखेपासून पाच वर्षं असते, त्याहून एक दिवसही जास्त नाही. मतदानापासून नाही, निकालापासून नाही, गुलाल उधळला त्या दिवसापासून तर नाहीच. नगरपालिका-महापालिकांना हाच नियम कलम २४३-यू मधून लागू होतो. मुंबई महापालिकेचं मतदान २१ फेब्रुवारी २०१७ ला झालं, पण सभागृहाची पहिली सभा ८ मार्चला भरली. म्हणून मुदत संपली ती ७ मार्च २०२२ ला.

ग्रामपंचायतीत ही पहिली सभा म्हणजे उपसरपंच निवडीची सभा. जानेवारी २०२१ मध्ये मतदान झालेल्या गावांत सरपंचही सदस्यांनीच निवडायचा होता, त्यामुळे तिथे दोन्ही निवडी त्याच सभेत झाल्या. पोटनिवडणुकीत आलेल्या सदस्याला नवी पाच वर्षं मिळत नाहीत. बरखास्तीनंतर आलेल्या मंडळालाही उरलेलाच काळ मिळतो. यावरून गावात भांडणं होतात, पण कायद्यात संदिग्धता नाही.

कागद कसे मिळवायचे

माहिती अधिकाराचा अर्ज कोणताही भारतीय नागरिक करू शकतो, त्या गावचा मतदार असण्याची अट नाही. 'जोडपत्र अ' भरायचं आणि १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, मात्र दाखला जोडावा लागतो. मागणी नेमकी लिहा: 'पहिल्या सभेची नोटीस आणि त्या सभेच्या इतिवृत्ताची प्रमाणित प्रत'. 'मुदत कधी संपते ते कळवावे' असं विचारलंत तर गोल उत्तर येण्याची शक्यता जास्त. प्रशासक बसला असेल तर त्याच्या नेमणुकीचा आदेशही मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत २० रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील करायचं.

मागायचं काय

बरेच अर्ज इथेच फसतात. 'कोविडमध्ये कामच करता आलं नाही, मुदत वाढवून द्या' ही मागणी टिकत नाही, कारण घटनेनेच मर्यादा घातली आहे. मागायची ती निवडणूक. किशनसिंग तोमर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितलं की मुदत संपण्याआधी निवडणूक घेणं हे राज्य निवडणूक आयोगाचं कर्तव्य आहे. तरीही ओबीसी आरक्षणाच्या वादात महाराष्ट्रातल्या अनेक संस्थांवर वर्षानुवर्षं प्रशासक राहिले. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितलं आणि नंतर ३१ जानेवारी २०२६ ही मुदत दिली. मुंबईत मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला, म्हणजे सभागृहाची मुदत संपून जवळजवळ चार वर्षांनी! नगरसेवकाला एक दिवस जास्त मिळत नाही, प्रशासकाला चार वर्षं मिळतात. हा विरोधाभास ज्याचा त्याने पचवावा.

प्रशासक कोण असावा, हाही वादाचा मुद्दा होऊ शकतो. २०२० मध्ये सरकारने ग्रामपंचायतींवर पालकमंत्र्यांच्या सल्ल्याने 'योग्य व्यक्ती' नेमायचं ठरवलं, तेव्हा राजकीय कार्यकर्ते बसवले जातील म्हणून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं होतं.

दाद कुठे

आधी जिल्हाधिकारी आणि राज्य निवडणूक आयोग यांना लेखी निवेदन द्या आणि पोहोच घ्या. ती पोहोच नसेल तर 'आधी तिकडे का गेला नाहीत?' हा प्रश्न न्यायालयात हमखास येतो. मग कलम २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका. नागपूर आणि औरंगाबाद खंडपीठं आहेतच. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांना ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच जवळ पडतं. याचिकाकर्ता शक्यतो तिथलाच मतदार असावा. वकीलपत्र आणि प्रतिज्ञापत्रासोबत मतदार यादीचा उतारा, ओळखपत्र, इतिवृत्ताची प्रमाणित प्रत, प्रशासकाचा आदेश आणि निवेदनांच्या पोहोचा जोडा.

एक फरक मात्र ध्यानात ठेवा. तक्रार मुदतीची नसून निकालाची असेल, तर हा रस्ता नाही. निवडणुकीला फक्त निवडणूक अर्जानेच आव्हान देता येतं, असं सांगणारं कलम २४३-ओ तिथे आडवं येतं. ग्रामपंचायतीच्या निकालाविरुद्ध दिवाणी न्यायाधीशांकडे निवडणूक अर्ज करावा लागतो, तोही निकाल जाहीर झाल्यापासून १५ दिवसांच्या आत.