आग्रा–मुंबई मार्ग

आग्रा–मुंबई मार्ग हा आग्रा, ग्वाल्हेर, शिवपुरी, गुना, ब्यावरा, सारंगपूर, देवास, इंदूर, सेंधवा, धुळे, नाशिक आणि ठाणे या गावांवरून मुंबईला येणारा ऐतिहासिक राजमार्ग असून इंदुरात तो ‘ए. बी. रोड’ (आग्रा–बॉम्बे रोड) या नावाने ओळखला जातो. स्वातंत्र्योत्तर काळात त्याला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३ म्हणत आणि त्याची लांबी सुमारे १,१६० किमी धरली जाई. २०१० मधील फेरक्रमांकनानंतर आग्रा–ग्वाल्हेर भाग ४४ मध्ये, ग्वाल्हेर–ब्यावरा भाग ४६ मध्ये व ब्यावरा–धुळे भाग ५२ मध्ये गेला. क्रमांक ३ आता पंजाबातून लेहकडे जाणाऱ्या रस्त्याला दिलेला असल्याने जुन्या व नव्या नकाशांची सांगड घालताना ही बाब ध्यानात ठेवणे अत्यावश्यक ठरते.

या मार्गाच्या उगमाविषयी दोन मते आढळतात. एका मताप्रमाणे तो मोगलकालीन आग्रा–सुरत राजमार्गाचाच वारस होय; दुसऱ्या मताप्रमाणे तो एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी मुंबई व उत्तर हिंदुस्थान जोडण्यासाठी आखलेला स्वतंत्र रस्ता आहे. प्रवासवृत्तांतांचा आधार घेतल्यास दोन्ही मते अंशतःच टिकतात. १६१० मध्ये सुरतेहून आग्र्यास निघालेला इंग्रज व्यापारी विल्यम फिंच बुऱ्हाणपूरनंतर अकबरपूरच्या उतारावर (नदी पार करण्याच्या जागी) नर्मदा ओलांडून मांडू, उज्जैन, सारंगपूर, सिरोंज, शिवपुरी (तेव्हाचे सिप्री), नरवर व ग्वाल्हेर या क्रमाने गेला. त्याच शतकातील फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याच्या वर्णनात मात्र नर्मदा हंडियाजवळ ओलांडली जाते आणि वाट पूर्वेकडून थेट सिरोंजला पोहोचते. म्हणजे मोगल काळातही हा मार्ग एकाच वाटेचा नव्हता. पाऊसमान, बंदोबस्त आणि सरकारी कामाची निकड पाहून काफिले उतार निवडीत असावेत. १६५८ मध्ये उज्जैनजवळील धर्मातच्या लढाईपूर्वी औरंगजेबाचे सैन्य अकबरपूर येथेच नर्मदापार झाले, यावरून पश्चिमेकडील वाट लष्करी हालचालींनाही सोयीची होती असे दिसते. आजच्या मार्गाशी या दोन्ही वाटांचा मेळ मुख्यतः शिवपुरीच्या आसपासपासून आग्र्यापर्यंत बसतो. सारंगपूर फिंचच्या वाटेवर आहे, पण सिरोंज आजच्या रस्त्यापासून बरेच पूर्वेला राहते. इंदूर तर या वृत्तांतांत येतच नाही, कारण त्याचा उदय अठराव्या शतकातला आहे. तेव्हा उत्तरेचा तुकडा जुना आणि माळव्यापासून दक्षिणेची आखणी बऱ्याच अंशी नवी, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. छत्रपती शिवाजी महाराज १६६६ मध्ये आग्र्याहून कोणत्या वाटेने परतले याविषयी अभ्यासकांत एकमत नसल्याने तो प्रसंग या मार्गाच्या प्राचीनत्वाचा पुरावा म्हणून वापरता येत नाही.

माळव्यातून नर्मदाखोऱ्यातील निमाडात उतरण्याच्या वाटाही बदललेल्या आहेत. इंदूरजवळच्या महूहून मंडलेश्वर–महेश्वरकडे जाणाऱ्या घाटमाथ्यावरील जाम दरवाजा अहिल्याबाई होळकरांनी बांधला असून त्याचे बांधकाम १७९१ चे मानले जाते. होळकरांच्या महेश्वर दरबारासाठी हीच वाट महत्त्वाची होती. १८१८ च्या इंग्रज–होळकर मंदसोर तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि महूला इंग्रजांची छावणी वसली. त्यानंतर मानपूरचा घाट, खलघाट येथील नर्मदेचा उतार, सेंधव्याचा किल्ला व सातपुड्यातील बिजासन घाट या रेषेला महत्त्व चढले. पक्का रस्ता एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टप्प्याटप्प्याने पूर्ण झाला असावा. १८५८ च्या आरंभी महूहून निघालेली इंग्रजी फौजेची एक तुकडी याच रस्त्याने गुन्यापर्यंत जाऊन चंदेरीकडे वळली, यावरून तो तोवर तोफखान्यालाही चालण्याजोगा होता असे अनुमान करता येते. १८७० च्या दशकात खंडवा–इंदूर लोहमार्ग झाल्यावर लांब पल्ल्याची मालवाहतूक रेल्वेकडे वळली.

या मार्गाने हौसेने प्रवास करणाऱ्यांना जुनी आखणी शोधण्यासाठी आज बरीच साधने संगणकावर उपलब्ध आहेत. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाविषयक डिजिटल ग्रंथालयात इंपीरियल गॅझेटियर या ब्रिटिशकालीन माहितीकोशाचे खंड वाचता येतात. माळव्याच्या तत्कालीन स्थितीसाठी ब्रिटिश अधिकारी सर जॉन मालकमचा मध्य भारतावरील ग्रंथ (१८२३) इंटरनेट आर्काइव्हवर आहे. इंग्रज नकाशाकार जेम्स रेनेलचा अठराव्या शतकातील नकाशा डेव्हिड रम्झी नकाशासंग्रहात पाहता येतो, परंतु तो त्रिकोणमितीय (त्रिकोण मोजून अंतरे काढणाऱ्या) सर्वेक्षणापूर्वीचा असल्याने त्यावरून गावांचा क्रम घ्यावा, अंतरे घेऊ नयेत. सर्वांत उपयुक्त म्हणजे टेक्सास विद्यापीठाने खुले केलेले अमेरिकी लष्करी नकाशांचे १:२,५०,००० प्रमाणाचे पत्रक होत. त्यांचे मुद्रण विसाव्या शतकाच्या मध्याचे असले तरी मूळ सर्वेक्षण बहुधा त्याहून जुने असते, म्हणून पत्रकाच्या समासातील टीप वाचल्यावाचून रस्त्याचा काळ ठरवणे धोक्याचे आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे २०१७ पासून विनामूल्य मिळतात. जुने पत्रक आजच्या उपग्रहचित्रावर अक्षांश–रेखांश जुळवून बसवले की वळणरस्त्यांमुळे (बायपासमुळे) बाजूला पडलेले तुकडे स्पष्ट दिसतात. या जुळवणीसाठी देवळे, किल्ले व नद्यांचे संगम हे बिंदू घ्यावेत. नदीपात्रातील उतार घेऊ नयेत, कारण ते सरकतात.

इंदूर शहरातील भाग सर्वांत अधिक बदललेला आहे. राजीव गांधी चौकापासून देवास नाक्याकडे २०१३ मध्ये बसगाड्यांची राखीव मार्गिका सुरू झाली व २०२५ मध्ये ती काढण्यास न्यायालयाने अनुमती दिली. लांब पल्ल्याची वाहने आता शहराबाहेरील वळणरस्त्याने जातात. नाशिकमध्ये जुन्या रस्त्याला आजही मुंबई–आग्रा रोड म्हणतात. मुंबईत शीव ते मुलुंडपर्यंतचा आग्रा रोड लाल बहादूर शास्त्री मार्ग या नावाने नांदतो.