अपेक्षांची वजाबाकी

सप्टेंबर 2020. करोनामुळे निम्मं जग घरात बसलेलं होतं आणि युबीसॉफ्ट कंपनीने एका गेमचा ट्रेलर दाखवला. 2003 साली गाजलेल्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ची नवी आवृत्ती येणार होती, आणि ती घडवत होते कंपनीचे पुणे आणि मुंबई इथले स्टुडिओ. एवढ्या मोठ्या नावाचा गेम आपल्या गावात बनतोय म्हटल्यावर पुण्यातल्या गेमर मंडळींची कॉलर ताठ होणं साहजिकच होतं. पण ट्रेलर संपेपर्यंतही ती ताठ राहिली नाही. राजपुत्राचा चेहरा निर्जीव, प्रकाश सपाट, दगडी भिंतींना खोली नाही. जगभरातून टीकेचा भडिमार झाला. 21 जानेवारी 2021 ही ठरलेली तारीख आधी मार्चवर गेली, मग बेमुदत पुढे ढकलली गेली, आणि मे 2022 मध्ये काम पुण्या-मुंबईकडून काढून कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या स्टुडिओकडे दिलं गेलं.

पुणेकर म्हणून वाईट वाटतंच. पण विज्ञानाच्या बाजूने पाहिलं तर यातली खरी गंमत वेगळी आहे. हा गेम तोवर कोणी खेळलेलाच नव्हता. कोणाच्या खिशातून दमडी गेली नव्हती. तरीही लाखो लोक मनापासून हिरमुसले. जे मिळालंच नाही, त्याबद्दल अपेक्षाभंग होतो तरी कसा?

याचं उत्तर शोधायला आधी माकडांकडे जावं लागेल. वोल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञाने माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन स्रवणाऱ्या पेशींमध्ये बारीक इलेक्ट्रोड घालून त्यांची धडधड टिपली. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला की या पेशी जोरात धडधडतात. मग रसाच्या थोडं आधी एक दिवा लावायला सुरुवात केली. काही काळाने माकडाला दिव्याचा अर्थ कळला, आणि पेशी रस मिळताना गप्प राहून दिवा लागतानाच धडधडू लागल्या. रस तोच, तेवढाच, पण आता तो हिशोबात धरलेला होता. पुढची पायरी आपल्या कामाची. दिवा लावला आणि रस दिलाच नाही. ज्या क्षणी रस यायला हवा होता, नेमक्या त्या क्षणी पेशींची नेहमीची संथ धडधडही जवळजवळ थांबली. म्हणजे न घडलेल्या गोष्टीचीही मेंदूने वेळेवर नोंद घेतली होती.

1997 साली शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी या निरीक्षणांना गणिताची चौकट दिली. या पेशी बक्षीस मोजत नाहीत, मोजतात ती वजाबाकी: मिळालं ते, उणे अपेक्षित होतं ते. उत्तर धन आलं की धडधड वाढते, ऋण आलं की मंदावते, शून्य आलं तर काहीच होत नाही. (समाजमाध्यमांवर डोपामिनला ‘आनंदाचं रसायन’ म्हणून जो भाव मिळतो, तो ऐकून मला दर वेळी चुकचुकायला होतं. हा मुख्यतः शिकण्याचा संकेत आहे. अंदाज कुठे आणि किती चुकला, ते तो सांगतो.)

माणसांच्या बाबतीत हे तपासलं गेलं ते, योगायोग बघा, फोनवरच्या एका गेममधूनच. लंडनमधल्या रॉब रटलेज आणि सहकाऱ्यांनी 2014 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. छोट्या छोट्या पैजा लावायच्या आणि अधूनमधून ‘आत्ता किती खूश आहात?’ या प्रश्नाचं उत्तर द्यायचं. प्रयोगशाळेत 26 जण होते, फोनवर 18,420. एकूण किती जिंकलं याच्याशी त्या क्षणीच्या खुशीचा फारसा संबंध निघाला नाही. संबंध निघाला तो अलीकडच्या अपेक्षांशी आणि त्या अपेक्षांपेक्षा किती कमी-जास्त मिळालं त्याच्याशी. आणखी एक बाब त्याच समीकरणात आहे, तिच्याकडे लोकांचं दुर्लक्ष होतं: नुसत्या अपेक्षेनेही खुशी वाढते. मिळण्याआधीच.

ट्रेलर म्हणजे हा दिवा. तो लागल्यावर जो आनंद होतो तो खोटा नसतो. फक्त वजाबाकीतली खालची रक्कम त्याच वेळी लिहिली जाते, आणि ती लिहितं कोण, तर कंपनीचा जाहिरात विभाग.

ती रक्कम फुगते कशी, ते बघण्यासारखं आहे. जाहिरातीतला तुकडा हा बहुतेकदा गेमचा एकच प्रसंग असतो, महिनोन्‌महिने घासूनपुसून तयार केलेला. गेम सेकंदाला 30 चित्रं दाखवणार असेल, तर एक चित्र तयार करायला यंत्राला 33 मिलिसेकंद मिळतात. 60 दाखवायची तर जेमतेम 17. ट्रेलर आधी चित्रित करून ठेवायचा असेल तर एकेका चित्राला हवा तेवढा वेळ देता येतो, आणि यंत्रही हवं तेवढं महागडं घेता येतं. घरातल्या गेम खेळायच्या डब्यावर (कन्सोलवर) ती सवलत नाही.

‘सायबरपंक 2077’चं जे झालं त्याच्या मुळाशी हा मिलिसेकंदांचा जमाखर्च होता. 2012 मध्ये घोषणा, 2013 मध्ये पहिला ट्रेलर, 2019 मध्ये हॉलिवूडचा नट कियानू रीव्हज मंचावर, 2020 मध्ये तारीख तीनदा पुढे, आणि अखेर 10 डिसेंबरला गेम आला तेव्हा 80 लाख लोकांनी आगाऊ पैसे भरलेले होते. ताकदवान पीसीवर तो बऱ्यापैकी चालला. 2013 सालच्या प्लेस्टेशन 4 या सोनीच्या डब्यावर मात्र त्याची दैना उडाली: माणसं अर्धवट चेहऱ्यांनी उभी, रस्ते उशिरा उमटणारे, मध्येच सगळं बंद. आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला आणि पैसे परत द्यायची तयारी दाखवली. जून 2021 पर्यंत तो तिथे परत आला नाही.

आता जरा त्या डब्याच्या आत डोकावू. प्लेस्टेशन 4 मधली हार्ड डिस्क मिनिटाला 5,400 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 90, म्हणजे एका फेऱ्याला 11 मिलिसेकंद. हवी ती माहिती तबकडीवर कुठेही असू शकते, त्यामुळे सरासरी अर्ध्या फेऱ्याची वाट पाहावी लागते: साडेपाच मिलिसेकंद. शिवाय वाचणारा काटा योग्य जागी सरकवायला आणखी दहाएक. एका शोधात पंधरा-सोळा मिलिसेकंद गेले, दोन शोधांत एका चित्राची वेळ संपली. आणि तुम्ही त्या काल्पनिक शहरातून सुसाट गाडी हाकताय. दर क्षणाला नव्या इमारती, नवी माणसं, नव्या पाट्या हव्यात. यावर जुना तोडगा असा की, वारंवार लागणारी वस्तू डिस्कवर ठिकठिकाणी पुन्हा पुन्हा साठवून ठेवायची, म्हणजे काट्याला लांब जावं लागत नाही. 2018 च्या ‘स्पायडर-मॅन’ गेममध्ये काही वस्तू अशा 400 वेळा साठवलेल्या होत्या. ताकदवान पीसीत असणाऱ्या एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काही नसतं, त्यामुळे तोच शोध मिलिसेकंदाच्या छोट्या अंशात होतो. म्हणजे एकाच दिवशी, एकाच नावाने विकलेला तो गेम दोन घरांत दोन वेगळ्या वस्तू होत्या. आणि प्रकाशनाआधी समीक्षकांना दिल्या होत्या त्या फक्त पीसीच्या प्रती! याला मी नुसती तांत्रिक अडचण म्हणणार नाही.

पण प्रत्येक वेळी यंत्र कमी पडतं असंही नाही. कधी कधी आकडाच फसवतो. ब्रिटनमधल्या हॅलो गेम्स या मूठभर माणसांच्या स्टुडिओने 2016 मध्ये ‘नो मॅन्स स्काय’ आणला, तो 18 वर अठरा शून्यांइतके ग्रह असतील या बोलीवर. बोली खरी होती. प्रत्येक ग्रहाला 64 बिटांचा, म्हणजे 64 शून्य-एकांचा, एक क्रमांक, म्हणून एकूण ग्रह 2 चा 64 वा घात. बुद्धिबळाच्या पटावर दर घरात दुप्पट तांदूळ मागणाऱ्या माणसाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. त्याच्या दाण्यांची बेरीज याहून फक्त एकने कमी. प्रत्येक ग्रहावर एक सेकंद थांबलात तरी 58 हजार कोटी वर्षं लागतील, आणि विश्वाचं वय आहे सुमारे 1,380 कोटी वर्षं. हे ग्रह कुठे साठवलेले नसतात. क्रमांक एका सूत्रात घातला की डोंगर, समुद्र, प्राणी सगळं गणिताने उगवतं, आणि तोच क्रमांक पुन्हा घातला की तोच ग्रह हुबेहूब परत येतो. हुशारीला दाद द्यावीच लागेल.

तरी लोकांचा पोपट झाला. गेम डिझाइनच्या संशोधक केट कॉम्प्टन यांनी याचं कारण ओटमीलच्या दहा हजार वाट्यांचं उदाहरण देऊन सांगितलं आहे. आपण त्याचे पोहे करू. दहा हजार बशा पोहे, प्रत्येक बशीत प्रत्येक पोहा वेगळ्या कोनात पडलेला. गणिताच्या दृष्टीने कुठल्याही दोन बशा सारख्या नाहीत. खाणारा म्हणतो, पोहेच आहेत की! मेंदू एकेक पोहा मोजत नाही, नमुना ओळखतो. पाचव्या ग्रहापाशी त्याला सूत्राचा वास लागतो आणि पुढचे सगळे ग्रह त्याच्या लेखी पाहून झालेले असतात. त्यातच पहिल्याच दिवशी दोन खेळाडू एकाच ग्रहाच्या एकाच जागी पोचले आणि त्यांना एकमेकांचं दर्शन झालं नाही. एकत्र खेळायची खरी सोय 2018 च्या सुधारणेत आली. हॅलो गेम्सने वर्षानुवर्षं फुकट सुधारणा देत त्या गेमची अब्रू परत मिळवली, हे त्यांच्या पदरात घातलंच पाहिजे.

माझं आवडतं प्रकरण मात्र ‘एलियन्स: कलोनियल मरीन्स’. 2013 चा गेम. आधी दाखवलेल्या प्रात्यक्षिकातले परग्रहवासी चपळ, दबा धरून बसणारे. विकत घेतलेल्या गेममधले वेंधळ्यासारखे समोरून पळत येऊन मरणारे. सगळे म्हणाले, डोंगर पोखरून उंदीर काढला. पाच वर्षांनी, 2018 मध्ये, एक शोध गाजला: साध्या मजकुराची एक सेटिंगची फाइल उघडून बघणाऱ्याला त्यात ‘टेदर’ या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक जादा ए सापडला. टेदर म्हणजे दावं. कोणत्या प्राण्याने खोलीतल्या कोणत्या भागाशी बांधलेलं राहायचं, कुठून वळसा घालून हल्ला करायचा, ते या आज्ञेवर ठरायचं. स्पेलिंग चुकल्यामुळे संगणकाला तशी आज्ञा सापडतच नव्हती, आणि त्याने तक्रारही केली नाही. गुपचूप पुढे गेला. ते एक अक्षर खोडलं तर शत्रू बाजूने येऊ लागले. गेम त्यामुळे उत्तम झाला असं नाही. पण कारखान्यात शेकडो माणसं, हजारो फाइली, आणि एक ए कोणाच्याच नजरेला पडला नाही.

माणसं वाढवून हे सुटत नाही. संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 मध्येच लिहून ठेवलं आहे की उशीर झालेल्या सॉफ्टवेअरवर आणखी माणसं लावली की उशीर वाढतो. 10 जणांच्या चमूत बोलण्याच्या जोड्या 45. 500 जणांच्या चमूत 1,24,750. हिंजवडीत नोकरी करणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

आता परत त्या राजपुत्राकडे. जुन्या गेमच्या नव्या आवृत्तीला आणखी एक प्रतिस्पर्धी असतो, तो म्हणजे आपली आठवण. 2003 मध्ये हे गेम जाडजूड काचेच्या टीव्हीवर खेळले जायचे. त्या पडद्यावर एकेक ठिपका शेजारच्या ठिपक्यात थोडा मिसळायचा, त्यामुळे खडबडीत कडा मऊ दिसायच्या, आणि उरलेला तपशील मेंदू स्वतः भरायचा. आठवणीत राहतं ते हे भरलेलं चित्र. आजच्या लख्ख पडद्यावर प्रत्येक कड स्वच्छ दिसते आणि मेंदूला भरायला काही उरत नाही. यंत्राकडून तपशील भरून घ्यायचा प्रयत्न आणखी अंगाशी येतो. 2021 मध्ये ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ (जीटीए) या मालिकेतल्या तीन जुन्या गेमांना नवं रूप दिलं, तेव्हा डोनटच्या दुकानावरच्या पाटीतला नट-बोल्टमधला षट्कोनी नट गुळगुळीत होऊन गोल झाला. ते दुकानाचं नाव होतं ‘टफ नट’, विनोदच गेला.

याच 2020 सालच्या ऑगस्टमध्ये, म्हणजे त्या ट्रेलरच्या महिनाभर आधी, पुण्यातल्या नॉडिंग हेड्स या छोट्या स्टुडिओचा ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ आला होता. 2017 मध्ये त्यांनी लोकवर्गणी मागितली तेव्हा पुरेसे पैसेही जमले नव्हते. धाकट्या भावाला शोधायला निघालेली मुलगी, पहाडी चित्रशैलीसारखे रंग, पुराणकथांतली जागा. लढाई थोडी ओबडधोबड आहे, अशी तक्रार झाली. पण ती तक्रार करणारे लोकही एकंदरीत खूशच होते, आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. त्याची लढाई राजपुत्राच्या नावाने बाजारात आली असती तर तेच लोक तुटून पडले असते, याबद्दल मला शंका नाही.

मग अपेक्षाच ठेवू नयेत का? रटलेज यांचं समीकरण इथे आडवं येतं: अपेक्षा सोडल्या तर वाट पाहण्याचा आनंदही जातो. जीटीएच्या सहाव्या भागाचा ट्रेलर डिसेंबर 2023 मध्ये आला, तारीख 2025 वरून 2026 वर सरकली, आणि त्या काळात ट्रेलरमधल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर रात्र रात्र वाद घालणाऱ्या पोरांनी जी मजा केली ती परत मागता येणार नाही. त्यांना सल्ला द्यायला मी जाणार नाही. एकच व्यवहाराची गोष्ट: डिजिटल प्रती कधी संपत नाहीत, त्यामुळे आगाऊ पैसे भरून रांगेत नंबर लागतो असं काही नाही. प्रकाशनाच्या दुसऱ्या दिवशी तुमच्याच जातीच्या यंत्रावर कोणी अनोळखी माणूस खेळतानाचा व्हिडिओ बघा. तो जाहिरात विभागाने निवडलेला नमुना नसतो. पीसीवर स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलात तर 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. हल्लीच्या काही गेमांत दोन तासांत प्रस्तावनाच संपत नाही, हा भाग वेगळा.